पानातील भाजीचे स्थान

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह जडला असून आणखी सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आणि जगात सर्वाधिक शाकाहारी माणसे ज्या देशात राहतात त्याच देशाची ही अवस्था आहे, हे वनस्पतिजन्य आहाराचा पुरस्कार करणाऱ्याने प्रथम प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सामिष पदार्थ वर्ज्य केले की आरोग्याची हमी मिळाली, असे कितीतरी सुशिक्षित कुटुंबे निःशंकपणे धरून चालतात. परंतु पांढराशुभ्र सडीक तांदूळ, मैद्याची खारी, उपवासाचा साबुदाणा, साखरेचा चहा आणि तळलेले फरसाण यांवरच ज्याचा दिवस निभतो, त्याच्या आहारात मांस नसले तरी वनस्पतीचे सत्त्वही फारसे उरलेले नसते. रक्षण करते ते कोंड्यासह दळलेले धान्य, सालीसकट शिजवलेले कडधान्य, पालेभाजी आणि फळे. त्यांतील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते, विरघळणारे तंतू पित्ताम्ले बांधून शरीराबाहेर नेतात म्हणून कोलेस्टेरॉल घटते, आणि त्यांतील पोटॅशियम रक्तदाब आटोक्यात राखण्यास साह्य करते.

या विषयातला एक अत्यंत मोलाचा दस्तऐवज आपल्याच प्रांतात तयार झाला आहे. 1993 च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी गर्भवती स्त्रियांच्या आहाराच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ अशा या स्त्रियांची बाळे जन्मतः हडकुळी दिसत, पण त्यांच्या अंगातील चरबीचे प्रमाण इंग्लंडमधील गुटगुटीत बालकांच्या जवळपास भरे. पुढे येणाऱ्या मधुमेहाची बीजे अशी पाळण्यातच दिसू लागली. आईने एकूण किती उष्मांक वा किती प्रथिने घेतली यापेक्षा तिच्या जेवणात पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा आले याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध अधिक निकट आढळला. अशा नोंदींनी कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि माठ, अंबाडी, चाकवत, शेवग्याचा पाला यांना गरिबाचे खाणे म्हणून कमी लेखणाऱ्या समाजाने त्यांवर गंभीरपणे विचार करावा, इतके वजन त्यांत निश्चित आहे.

याच नोंदींची दुसरी बाजू मात्र झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या मातांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व अपुरे होते, आणि ज्या मातांत ते कमी व फोलेट अधिक होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. ब-12 वनस्पती निर्माण करीत नाहीत. म्हणून जो दूध-दहीही सोडतो त्याने वैद्यकीय सल्ल्याने त्याची गोळी घेतलीच पाहिजे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी शिफारस केली ती दररोज 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि 400 ग्रॅम भाज्या अशी. धान्याहून भाजी अधिक, हे प्रमाण आपल्या घरोघरच्या पानात दिसत नाही. भाजी भाकरीला लावण्यापुरती असते, आणि महागाई वाढली की कात्री प्रथम तिलाच लागते. यात केवळ घरांना बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. अन्नसुरक्षेच्या 2013 च्या कायद्यात भरड धान्याची तरतूद असूनही रास्त भावाच्या दुकानातून रयतेच्या पिशवीत पडतात ते बहुतांशी गहू आणि तांदूळच. ज्या सोलापूरच्या रानांत ज्वारी पिकते तेथील शिधापत्रिकेवर ज्वारी, आणि सर्वत्र तूरडाळ, मटकी, हुलगे रास्त दरात मिळावेत, अशी तजवीज सरकारने करावी. शाळेतील मुलांच्या दुपारच्या जेवणात हंगामी पालेभाजीसाठी वेगळा खर्च मंजूर करावा. आणि घरात, दिवसभर राबून आलेल्या बाईच्या एकटीच्या पुढ्यात मेथीच्या जुड्या टाकल्या जात असतील तर पालेभाजी रोज शिजणार नाही. ती निवडायला घरातल्या पुरुषांनीही बसले पाहिजे.