गोष्टीचा पत्ता

वेल्समध्ये नीथ नदीच्या खोऱ्यात एक गोष्ट सांगतात. रीस आणि लुएलिन हे एकाच शेतकऱ्याकडचे दोन गडी. संध्याकाळी घोडी घेऊन घरी निघाले असताना रीस वाटेत थबकला. कुठूनतरी वाद्यं वाजत होती आणि त्याला नाचल्याशिवाय राहवेना. "तू हो पुढे, मी आलोच," म्हणाला. लुएलिनला काहीच ऐकू येत नव्हतं. तो पुढे गेला, आणि रीस घरी परतलाच नाही. शोधाशोध झाली, शेवटी लुएलिनवरच खुनाचा आळ आला आणि त्याला कोठडीत टाकलं. तेव्हा असल्या गोष्टींतल्या एका जाणकार शेतकऱ्याने सुचवलं, की रीस जिथे थांबला त्या जागी जाऊन तर बघू. तिथे गवतात एक रिंगण होतं. लुएलिनचा पाय त्याच्या कडेला लागला मात्र, त्याला वाद्यं ऐकू यायला लागली. दुसऱ्याने त्याच्या पायावर पाय ठेवला, तर त्यालाही. आत इवली इवली माणसं फेर धरून नाचत होती आणि त्यांच्यात रीस! ओढून बाहेर काढल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो घोड्यांचा. आपण पाचच मिनिटं नाचलो, अशी त्याची खात्री होती.

वर्ट साइक्स हा कार्डिफमधला अमेरिकेचा वाणिज्यदूत. त्याच्या 1880 सालच्या 'ब्रिटिश गॉब्लिन्स' या पुस्तकात ही गोष्ट आहे. शेवट सुखाचा नाही. रीस खंगत जातो आणि मरतो. पण मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त आवडतो तो तिचा पत्ता. खुनाचा आळ पुसायचा, तर गोष्ट आटपाट नगरात घडून भागत नाही. ती गावच्या वाटेवर, बोट दाखवता येईल अशा जागी घडावी लागते.

आणि ते रिंगण खरोखरच असतं. युरोपातल्या कुरणांमध्ये पाऊस पडून गेला, की अळंबी गोल मांडल्यासारखी उगवते. आतलं किंवा बाहेरचं गवत एकदम गडद हिरवं, मध्येच एखादा पट्टा करपलेला. रात्री इथे पऱ्या नाचून गेल्या, असं इंग्रज म्हणायचे. फ्रेंच आणि जर्मन लोक चेटकिणींचं नाव घ्यायचे. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस यांना ही विजेची करणी वाटली. 1807 मध्ये विल्यम वोलास्टन या रसायनशास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे आपली निरीक्षणं मांडली. अळंबी नेहमी गडद गवताच्या बाहेरच्या कडेला उगवते, रिंगण दरवर्षी थोडं थोडं रुंदावतं, आणि दोन रिंगणं एकमेकांना भिडली की भिडतात तिथे दोन्ही पुसली जातात. जमिनीतलं जे खाद्य बुरशी एकदा संपवते त्या जागी तिला पुन्हा उगवता येत नाही, म्हणून ती बाहेर बाहेर सरकते, हे त्याने ओळखलं.

जमिनीखाली बुरशीचे तंतू सगळ्या दिशांना सारख्याच वेगाने पसरतात, कुठे वर्षाला चार बोटं, कुठे वीतभर. कडेला ते कुजकं खाऊन नत्र मोकळं करतात, म्हणून तिथलं गवत तरारतं. तंतूंची दाटी झाली की माती पाणी धरत नाही आणि गवत करपतं. एवढ्यावरच हे संपत नाही. 2010 मध्ये जपानच्या शिझुओका विद्यापीठातल्या हिरोकाझू कावागिशी यांच्या गटाने अशा रिंगणातल्या बुरशीतून गवताची वाढ जोमाने करणारं एक रसायन वेगळं केलं. नंतर कळलं, की भातासकट कितीतरी वनस्पती ते स्वतःही तयार करतात. अशा रसायनांना शास्त्रज्ञ 'फेअरी केमिकल्स' म्हणतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पऱ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी आणि वोलास्टनने एकच काम केलं होतं. दोघांनी पायाखालच्या गवताकडे वाकून बघितलं होतं.

माझ्या लहानपणीची परीकथांमधली अळंबी लाल होती, वर पांढरे ठिपके. लोकवाङ्मय गृहात स्वस्तात मिळणाऱ्या रशियन पुस्तकांतून ती घरात आली, आणि मराठी अक्षरांच्या शेजारी बर्चच्या झाडाखाली ऐटीत उभी राहिली. ती पुस्तकं मी छातीशी धरून झोपायचे. परसात फणसाच्या बुंध्याशी पांढरट कुत्र्याच्या छत्र्या उगवत, त्यांच्याकडे मात्र मी ढुंकून बघत नसे. त्यांच्याखाली कोणी राहत असेल, असं मनातही आलं नाही. लाल छत्र बर्च, पाइन अशा झाडांच्या मुळांशी संगत करून वाढतं, ते फणसाखाली येणार कुठून? चांदोबातल्या राजकन्यांचाही पत्ता असाच दूरचा होता. विक्रमाचं स्मशानसुद्धा आमच्या गावचं नव्हतं.

पत्ता असलेल्या गोष्टी आजीकडे होत्या. विहिरीवर साती आसरा, म्हणून भर दुपारी तिकडे फिरकायचं नाही. व्हाळाच्या वळणावरच्या आंब्याजवळ चकवा, तिथे माणूस रात्रभर त्याच त्या वाटेने फिरत राहतो. चकवा लागला तर गपचूप खाली बसायचं आणि उजाडायची वाट बघायची, हा आजीचा उपाय. इंग्लंडात डेव्हनमधले शेतकरी अशा वेळी कोट उलटा करून घालत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते, आणि पावसाळ्यात अळंबी येते तीही वारुळाजवळच. आत वाळवी बुरशीची शेती करते, त्याच शेतीचं हे वरचं पीक. रानातून अळंबी आणणारी माणसं वारूळ फोडत नसत. देवीचं घर ते. दुसऱ्या वर्षी अळंबी पुन्हा तिथेच सापडे, ती त्यामुळेच.

1917 मध्ये यॉर्कशरच्या कॉटिंग्लीत दोन मावसबहिणींनी घरामागच्या ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. एल्सी राइट सोळा वर्षांची, फ्रान्सिस ग्रिफिथ्स नऊ वर्षांची. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलने ते 1920 मध्ये 'स्ट्रँड' मासिकात छापले आणि खरे मानले. 1983 मध्ये दोघींनी कबूल केलं, की त्या पऱ्या कागदावर काढून कापलेल्या आणि हॅटपिनांनी उभ्या केलेल्या होत्या. नंतर काढलेला पाचवा फोटो मात्र खरा, यावर फ्रान्सिस शेवटपर्यंत ठाम राहिली. लोक तिला हसतात, मला हसावंसं वाटत नाही. ओढ्यात सारखी भिजून येते म्हणून ती बोलणी खायची, आणि तिथे का जातेस याला तिचं उत्तर असायचं, पऱ्या बघायला. त्या ओढ्याचा दगडन् दगड तिला ठाऊक असणार.

आजी आता नाही. व्हाळाजवळचा आंबा रस्ता रुंद करताना गेला, आणि गावातल्या मुलांना तिथे चकवा होता हे माहीत नाही. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर या आठवड्यात त्यांना नुसती गोष्ट विचारू नका, जागा विचारा. कुठली विहीर, कुठला बांध, कुठलं झाड? जमलं तर त्यांना सोबत घेऊन तिथवर जा, आणि पावसाने उघडीप दिली असेल तर खाली बघत चाला.