आंबा घाटात नायट्रस नको

नायट्रस ऑक्साइड हा आम्हा डॉक्टरांचा जुना ओळखीचा वायू. लोक त्याला ‘हसवणारा वायू’ म्हणतात. १८४४ मध्ये अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स यांनी तो हुंगून स्वतःचा दात काढून घेतला आणि वेदनारहित शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तोच वायू लढाऊ विमानांच्या इंजिनात सोडला. आता टर्बो गाडीला ‘नायट्रस’ बसवण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि आपल्या शाहूवाडीतली मुलेही ते पाहतात.

त्यामागचे शास्त्र खरे आहे. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर या वायूत ३६ टक्के. इंजिनाच्या उष्णतेत तो तुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि जास्त इंधन जळू शकते. टर्बो मुळातच हवा दाबून भरत असतो. त्यावर हा दुसरा जोर. पण ऑक्सिजन वाढला आणि त्या प्रमाणात इंधन वाढले नाही, तर उष्णता इतकी चढते की पिस्टन वितळतो. शस्त्रक्रियागृहातही आम्ही हा वायू पुरेशा ऑक्सिजनशिवाय कधी देत नाही. प्रमाण चुकले की तिथे रुग्ण जातो, इथे इंजिन.

दुसरा धोका बाटलीचा. या वायूचे क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षाही किंचित कमी. त्यापुढे बाटलीतला द्रव द्रव राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. एप्रिलच्या उन्हात बंद गाडी किती तापते, हे सांगायला नको.

तरीही माझी खरी काळजी इंजिनाची नाही. वेग ६० वरून १२० झाला, तर धडकेतली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. इंजिनाची ताकद वाढवता येते. आपली मान, बरगड्या आणि मेंदू आहेत तेवढेच राहतात. आंबा घाटात वळणे आहेत, पावसाळ्यात धुके असते, समोरून रत्नागिरीचा ट्रक येतो. डोक्याला गंभीर मार लागला, तर मलकापूरहून कोल्हापूरच्या सीपीआरपर्यंतचा प्रवासच मोलाचा वेळ खातो.

कायदाही स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल गाडीत केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो, तो वेगळाच.

आणखी एक. बाटली घरात आली की ‘हुंगून तर बघू’ असे वाटणारा कोणीतरी भेटतोच. हा वायू शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. वारंवार हुंगणाऱ्यांचे हातपाय बधिर होतात, चाल बिघडते, मज्जारज्जूला इजा होते. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच बेताचे असते. ब्रिटनने २०२३ मध्ये नशेसाठी हा वायू बाळगणे गुन्हा ठरवले, ते उगाच नव्हे.

वेगाची हौस वाईट नाही. तिची जागा बंदिस्त ट्रॅकवर; तिथे हेल्मेट असते, रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून एसटी येत नाही. मुलाने गाडीसाठी पैसे मागितले तर आईवडिलांनी जरूर द्यावेत, पण चांगल्या टायरना आणि ब्रेकना. घाटात गाडी पळवण्यापेक्षा ती वेळेवर थांबणे महत्त्वाचे.