सायकल डोंगराची, रस्ता घोडबंदरचा

"डॉक्टर, गिअरची सायकल घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्या दवाखान्यात इतक्या वेळा विचारला गेला आहे, की आज त्याचे उत्तर या सदरातून एकदाच देऊन टाकावे असे वाटते. विचारणारे बहुधा चाळिशी-पंचेचाळिशीचे गृहस्थ असतात. साखर काठावर आलेली, पोट पट्ट्याबाहेर आलेले आणि बायकोने "आता काहीतरी सुरू करा" म्हणून पाठवलेले. कोणीतरी त्यांना नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंची गोष्ट सांगितलेली असते. या दोघांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत सायकलवर पूर्ण केली. मग आपणही निदान घोडबंदर रोड तरी पार करावा, असे वाटू लागते. वाटणे चांगलेच आहे. पण त्या उत्साहात माणूस दुकानात जातो आणि जाड टायरची, पुढेमागे शॉकॲब्सॉर्बर लावलेली, भडक रंगाची 'माउंटन बाइक' घेऊन येतो. तिथे माझे मत वेगळे पडते.

ते मत मी पुस्तकातून घेतलेले नाही, अंगावर घेतलेले आहे. सहा वर्षांपूर्वी माझा स्वतःचा रक्तदाब वाढला, तेव्हा मीही अशीच एक सायकल घेतली. विक्रेत्याने मला किती पैसे घालवणार हे विचारले, रंग कोणता हवा हे विचारले. उंची विचारली नाही. दुकानात जी उभी होती तीच माझ्या मापाची ठरली. एकवीस गिअर, वजन सतरा किलोच्या आसपास. घरी आणली तेव्हा सोसायटीतली पोरे कौतुकाने भोवती जमली. महिन्याभरात माझा उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला आणि दोन्ही हातांच्या करंगळ्यांना मुंग्या येऊ लागल्या. मी डॉक्टर असल्यामुळे मलम चोळले, पट्टा बांधला, गोळ्याही घेतल्या. शेवटी नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांनी मला जाताना पाहिले आणि थांबवले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सीट किती खाली ठेवलीय!" पाना काढून त्यांनी सीट तीन बोटे वर केली. दोन-तीन आठवड्यांत गुडघा शांत झाला. फी म्हणून त्यांनी एक चहा घेतला.

ही माउंटन बाइक मुळात आली कुठून, हेही पाहू. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही हौशी तरुण जुन्या, जड, फुगीर टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या उतारावरून खाली सोडत. १९७६ पासून तिथे शर्यतीही होऊ लागल्या. उतारावर मागच्या चाकाचे ब्रेक इतके तापत, की हबमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्या गरजेतून मजबूत सांगाडा, चांगले ब्रेक, जाड टायर आणि पुढे शॉकॲब्सॉर्बर असे एकेक आले. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये या सायकलींची शर्यत प्रथमच झाली. म्हणजे तिचे प्रत्येक वैशिष्ट्य डोंगरउतारावरच्या दगडमातीसाठी आहे.

आता आपला रस्ता पाहा. कापूरबावडीहून निघालात की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे करीत गायमुखपर्यंत डांबर आणि काँक्रीट. मेट्रोच्या खांबांच्या कडेला खडी, पावसाळ्यात खड्डे, गायमुखचा चढ आणि बारा महिने अवजड वाहनांची रांग. दुसरी वाट उपवनवरून येऊरला चढते. ती राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली, झाडीची, पण तीही मुख्यतः डांबरीच. आडवाटेने जंगलात सायकल घालणे मला मान्य नाही. ते बिबट्याचे घर आहे, आणि वन खात्याने आखून दिलेल्या वाटा व वेळा पाळल्याच पाहिजेत.

अशा रस्त्याला मागचा शॉकॲब्सॉर्बर काय कामाचा? स्वस्त सायकलीत तो वजन वाढवतो आणि चढावर आपण पॅडलवर दिलेला जोर झुल्यासारखा खाऊन टाकतो. शर्यतीच्या सायकलीचे अगदी बारीक टायरही इथे नकोत. ते गटाराच्या जाळीत आणि काँक्रीटच्या फटीत अडकतात. माझे मत असे: साधा चिमटा किंवा फार तर पुढे एक शॉकॲब्सॉर्बर, पावणेदोन ते दोन इंच रुंदीचे, मधून गुळगुळीत आणि कडेला खाचा असलेले टायर आणि खात्रीचे ब्रेक. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. त्या मर्यादेत राहून हवा थोडी कमी ठेवली, तर निम्मे हादरे टायरच पितो. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

पण सायकल कोणतीही घ्या, ती आपल्या अंगाच्या मापाची हवी. सायकलच्या दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभे राहा. दांडा आणि जांघ यांत दोन इंच तरी अंतर हवे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चालवताना टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप हवी तेवढी घडी राहते. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. हँडल फार लांब असेल तर धडाचा भार तळहातांवर येतो, मनगटाजवळची शीर दबते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. मऊ, गुबगुबीत सीट आरामाची असते हाही एक गैरसमज. फार मऊ सीटमध्ये हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. तिथे बधिरपणा आला तर लाजू नका, सीट बदला, आणि चालवताना अधूनमधून पॅडलवर उभे राहा.

आता हेल्मेट. मोटारसायकलवाल्यांना कायद्याने ते सक्तीचे आहे, सायकलवाल्याला नाही, म्हणून आपण ते सोडून देतो. मीही ते सायकलीनंतर चार महिन्यांनी, सायकलीचे कपडे आणि गॉगल घेऊन झाल्यावर घेतले. दोन वर्षांपूर्वी जुलैत गायमुखजवळ पाण्याने भरलेला खड्डा मला डबके वाटला. पुढचे चाक आत गेले आणि मी हँडलवरून पुढे फेकला गेलो. कोपर सोलले, बाकी काही नाही. घरी येऊन हेल्मेट पाहिले तर कानाच्या वरच्या बाजूला आतला फोम आरपार तडकलेला. तो फोम थर्मोकोलच्या जातीचा असतो. स्वतः चेपून, तडकून तो डोक्याला बसणारा धक्का कमी करतो, आणि एकदा तडकला की त्याचे काम संपले. असे हेल्मेट वरून नीट दिसले तरी फेकून द्यावे, कोणाला देऊही नये. मोटारसायकलचे हेल्मेट सायकलीला वापरू नका, ते जड असते आणि त्यात घामाने जीव जातो. सायकलीच्या हेल्मेटवर युरोपची 'ईएन १०७८' किंवा अमेरिकेची 'सीपीएससी' ही मानकखूण पाहा. भुवईच्या वर दोन बोटे बसेल असे घाला, हनुवटीखालचा पट्टा एक बोट जाईल इतका आवळा. मागे सरकवून टोपीसारखे घातलेले हेल्मेट कपाळाला काही उपयोगाचे नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, डॉक्टरांनी खर्चाची यादी दिली. म्हणून आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो.

आमच्या इमारतीत रात्रपाळीला एक काका पहारेकरी आहेत. ओवळ्याहून येतात. सायकल काळी, बावीस इंची, बिनगिअरची. मडगार्डवरची तांबडी काच कधीच गळून पडलेली. मागच्या पावसाळ्यात एका रात्री दहाच्या सुमारास एका रिक्षाने त्यांना मागून धडक दिली. रिक्षावाला पळाला नाही. त्यानेच त्यांना दवाखान्यात आणले. हात जोडून तो एकच वाक्य सांगत होता, "डॉक्टरसाहेब, दिसलेच नाहीत हो." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पाऊस, समोरून येणाऱ्या ट्रकचे झोत आणि अंगात गडद निळा गणवेश. कसे दिसणार?

काकांचे मनगट मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. ठेकेदार हजेरीवर पगार देतो, म्हणजे दीड महिना घरात पैसा नाही. मी त्यांना जरा रागानेच विचारले, "काका, सायकलला दिवा का नाही लावलात?" ते म्हणाले, "साहेब, रस्त्यावर आहेत की दिवे." त्या रात्री घरी जाऊन मी कपाटाचा खण उघडला. त्यात दोन तांबडे दिवे पडलेले होते. चांगले चालणारे. मी आणखी झगझगीत दिवा घेतला म्हणून बाजूला टाकलेले. रोज मी त्या माणसासमोरून सायकल काढत होतो आणि ते दिवे खणात होते.

वाचकहो, घोडबंदर रोडवर सायकल चालवणारा खरा माणूस मी नाही. मी रविवारी पहाटे दोन तास जातो. रोज जाणारे आहेत ते पहारेकरी, गवंडी, दूधवाले, गॅरेजमधली पोरे. त्यांचा प्रवास अंधारात होतो, आणि त्यांच्यासाठी रस्त्यात वेगळी जागा नाही. २०२५ मध्ये सेवारस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचे काम निघाले, तेव्हा रहिवाशांनी हरकती घेतल्या त्या योग्यच होत्या, कारण सायकलवाल्याला तेवढाच आडोसा होता. रस्त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. दिवा मात्र आज लागू शकतो. मागचा तांबडा दिवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मागच्या मडगार्डवर आणि दोन्ही पॅडलना चमकपट्टी चिकटवली तर खर्च त्याहूनही कमी. पॅडलवरची पट्टी वरखाली हलत राहते, त्यामुळे मागच्या वाहनवाल्याला सायकल चटकन ओळखू येते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक सोसायटीने आपल्याकडे सायकलवर कामाला येणाऱ्यांची मोजदाद करावी आणि प्रत्येकाच्या सायकलला एक दिवा आणि चमकपट्टी लावून द्यावी. गणपतीच्या वर्गणीतून कोपऱ्यातले पैसे निघतात, यालाही निघतील. आमच्या सोसायटीत सात सायकली निघाल्या. सगळा खर्च माझ्या शॉकॲब्सॉर्बरच्या एका दुरुस्तीपेक्षा कमी आला. दुरुस्तीचे बिल माझ्याकडे अजून आहे.

ज्यांनी सायकल घेतली आहे त्यांच्यासाठी पावसाळ्यापुरत्या दोन गोष्टी. भिजून आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसा, थेंब थेंब तेल सोडा आणि वरचे तेल पुन्हा पुसून टाका. जास्त तेलाला चिखल चिकटतो आणि दाते झिजतात. रिमचे ब्रेक ओले असताना उशिरा लागतात, म्हणून अंतर ठेवून आधीच दाबा. वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्या आणि रिमला आऊट आला असेल तर काढून घ्या. पडून खरचटले आणि त्यावर रस्त्याचे साचलेले पाणी गेले, तर जखम साबणाने धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख पाहा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'घाण पाण्यातून गेलो होतो' हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. लेप्टोची शंका त्यावरूनच येते.

आणि प्रकृतीचे. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम पुरेसा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. त्यासाठी गायमुखचा चढ पहिल्याच दिवशी चढायला नको. चाळिशी ओलांडली असेल, छातीत दाटून येत असेल, तर आधी तपासून घ्या. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी खिशात चार साखरेचे खडे ठेवावेत. दमेकऱ्यांनी धुळीच्या, धुक्याच्या दिवशी सुट्टी घ्यावी.

काका आता कामावर परत आले आहेत. मनगट थंडीत दुखते म्हणतात, मी व्यायाम सांगितला आहे. रात्री पावणेदहाला गॅलरीत उभा राहिलो, की फाटकातून एक तांबडा ठिपका आत येताना दिसतो. मग मी झोपायला जातो.

तुमच्या घरच्या खणातही असा एखादा दिवा पडला असेल. उद्या सकाळी काढून बघा, सेल चालू आहे का.