रिकाम्या नळकांड्याची साक्ष

जमाव पांगविण्यासाठी पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली, हे वाक्य वाचकांच्या परिचयाचे आहे. धूर विरल्यावर रस्त्यावर उरणाऱ्या रिकाम्या नळकांड्यांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः धूर कोणता, कोणाचा आणि किती जुना, याचा पुरावा त्यांच्यावरच छापलेला असतो.

पहिली खूण रसायनाची. 'सीएन' हे जुने रसायन. पहिल्या महायुद्धानंतर अनेक पोलीस दलांनी ते स्वीकारले. 'सीएस' हे १९२८ मध्ये कॉर्सन आणि स्टॉटन या अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी तयार केले आणि त्यांच्याच आडनावांवरून त्याला नाव मिळाले. १९६० च्या सुमारास त्याने सीएनची जागा घेतली. त्यामुळे 'सीएन' ही अक्षरे बहुधा जुन्या साठ्याकडे बोट दाखवितात. अमेरिकी लष्कराच्या जुन्या हातगोळ्यांवर करड्या रंगावर लाल पट्टा असे. रंग मात्र उडतो. म्हणून निर्मितीचे वर्ष आणि गट क्रमांक अधिक विश्वासार्ह.

या खुणांचे राजकीय मोल २०११ मध्ये दिसले. कैरोच्या तहरीर चौकातील निदर्शकांनी पेनसिल्व्हेनियातील जेम्सटाऊनचा पत्ता असलेली नळकांडी कॅमेऱ्यापुढे धरली आणि वॉशिंग्टनला निर्यात परवान्यांविषयी उत्तरे देणे भाग पडले. बहारीनमध्ये सापडलेल्या नळकांड्यांचा माग दक्षिण कोरियापर्यंत गेला. २०१३ मध्ये तेथील सरकारची १६ लाख नळकांड्यांची निविदा उघड झाली; त्या देशाची लोकसंख्याही तेव्हा इतकी नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये सोलने निर्यात रोखली.

अनेक उत्पादक या मालाला सुमारे पाच वर्षांची मुदत देतात. त्यानंतर वात व स्फोटक मिश्रण नेमके कसे वागेल, याची हमी नसते. १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने युद्धात अश्रुधूर निषिद्ध ठरविला, पोलिसांना मात्र मुभा ठेवली. देशांनी रसायनांची नावे कळवावीत, एवढेच बंधन आहे. साठा किती आणि कोणत्या वर्षीचा, हे सांगण्याचे नाही.

भारतात सीमा सुरक्षा दलाचा ग्वाल्हेरजवळील टेकनपूरचा कारखाना १९७६ पासून देशभरातील पोलिसांसाठी अश्रुधुराची सामग्री बनवितो. माल कोठून आला हा प्रश्न येथे फारसा उरत नाही. तो केव्हाचा, हा उरतोच. गोळीबारानंतर काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो. तसाच नळकांड्यांचा, त्यांच्या निर्मितीवर्षासह, चौकशीच्या कागदपत्रांत यायला हवा. नागरिकांनी मात्र न फुटलेले नळकांडे हाती घेऊ नये. ते दुरूनच पोलिसांना दाखवावे.