चार कोपऱ्यांतले संगीत

संगीत समोरून यावे, हा आपला फार जुना संस्कार आहे. गवई समोर बसतो, नट समोर उभा राहतो, आणि आपण फक्त कान द्यायचे असतात. त्यामुळे १९७० नंतर पाश्चात्य कंपन्यांनी खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर मांडून ऐकण्याच्या 'क्वाड्रोफोनिक' ध्वनिमुद्रिका काढल्या, तो केवळ चमत्कृतीचा खेळ होता, असे म्हणणारे आजही भेटतात. मला हा निकाल मान्य नाही.

हा प्रयोग बाजारात फसला, हे खरेच. कोलंबियाची एसक्यू, सान्सुईची क्यूएस आणि जेव्हीसीची सीडी-४ अशा तीन पद्धती एकमेकींशी झगडत राहिल्या. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट उलगडेना. पहिल्या दोन पद्धतींत चार ध्वनिप्रवाह दोनांत मिसळून कोरलेले असत, आणि ते पुन्हा वेगळे करताना एका कोपऱ्यातला आवाज दुसऱ्यात झिरपे. सीडी-४ मध्ये पुढच्या-मागच्या आवाजांतला फरक ३०,००० हर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवलेला असे. ती वाचायला खास घडणीची सुई लागे. शिवाय चार स्पीकरांचा खर्च वेगळाच! दशक संपेपर्यंत हा बाजार उठला. 'द हू' या वाद्यवृंदाने १९७३ साली आपल्या आल्बमला 'क्वाड्रोफेनिया' असे नाव दिले खरे, पण तोही निघाला साध्या स्टीरिओतच.

परंतु यंत्र फसले म्हणून कल्पनाही पोकळ, असे कसे म्हणता येईल? मैफलीचे ध्वनिमुद्रण असेल तर गायक समोर हवा, हे मी मान्य करतो. पण पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) कोणत्याही एका मैफलीत मुद्रित झालेला नाही. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सोळा ट्रॅकच्या फितीवर थरावर थर चढवून तो रचला गेला. ज्या रचनेला मूळचा रंगमंचच नाही, तिची समोरची बाजू कोणती? ती ठरवतो मिश्रण करणारा. त्याने दोनांऐवजी चार कोपरे वापरले, तर कोणता नियम मोडला? शिवाय याच मंडळींनी १९६७ च्या मे महिन्यात लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये श्रोत्यांभोवती आवाज फिरवून दाखवला होता.

या आल्बमचे ॲलन पार्सन्स यांनी केलेले चौफेर मिश्रण मी मामांच्या घरी ऐकले. 'टाइम' या गीताच्या आरंभी घड्याळांचे टोल होतात. स्टीरिओत ते समोरच्या भिंतीवर आदळतात. येथे मात्र आपण घड्याळांच्या दुकानात उभे असतो. ती घड्याळे पार्सन्स यांनी क्वाड्रोफोनिक ध्वनीच्या प्रात्यक्षिकासाठीच आधी मुद्रित केली होती, हे कळल्यावर मला नवल वाटले नाही. पण मला अधिक मोलाची वाटली ती नंतरची मोकळीक. गिटार, ऑर्गन, मागचे स्वर यांना आपापली जागा मिळते. कोणी कोणाला कोपर मारीत नाही.

आक्षेप दोन उरतात. कारण नसताना गिटार खोलीभर भोवऱ्यासारखी फिरवणारी मिश्रणे आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही. दुसरे म्हणजे, हे सारे नीट ऐकू येते ते खोलीच्या मध्यावरच्या एकाच खुर्चीवर. हे मात्र खरे. त्यावर उपाय एकच : पाळीपाळीने बसावे!

पुढे २००३ साली याच आल्बमचे नवे चौफेर मिश्रण जेम्स गथ्री यांनी केले, आणि २०२३ साली डॉल्बी ॲटमॉसमधलेही आले. त्यांचे स्वागतच आहे. पण सुधारित आवृत्ती निघाली म्हणून पहिली आवृत्ती कोणी रद्दीत घालत नाही. पार्सन्स यांचे जुने मिश्रण २०११ साली पुन्हा प्रसिद्ध झाले. सगळ्याच आल्बमांना हे भाग्य लाभलेले नाही. रचना ताजी असताना तिच्या काळातल्या माणसांनी ती कशी ऐकली, याचा पुरावा त्या जुन्या चौपदरी फितींतच आहे. त्या झिजून गेल्या, तर नवे यंत्र कितीही हुशार असले तरी तो पुरावा पुन्हा तयार करू शकणार नाही. म्हणून नव्या मिश्रणाबरोबर जुनेही जपावे आणि प्रसिद्ध करावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मित्रहो, आपण कानांत बोंडे खुपसून बसमध्ये, जेवताना, अभ्यास करताना गाणी ऐकतो. चार स्पीकरांच्या मध्ये असे चालत नाही. तेथे ४३ मिनिटे दुसरे काहीही न करता बसावे लागते. संगीताला एवढा वेळ द्यायची आपली तयारी आहे काय?