सिस्टिममध्ये तसंच होतं!

दोनेक वर्षांपूर्वी मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. चाकणजवळच्या एका कंपनीचं काम होतं. मोटारीचे सुटे भाग आयात करणारी कंपनी, आयटेम मास्टरमध्ये हजारो ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे कस्टम्सचा टॅरिफ कोड भरायचा. हाताने कोण भरत बसणार? मी भागाच्या नावातला शब्द शोधून कोड टाकणारं लॉजिक लिहिलं. 'बोल्ट' दिसला की ७३१८, 'टायर' दिसला की ४०११, 'बेल्ट' दिसला की ४०१०. शुक्रवारी संध्याकाळी रन केला, सोमवारी सगळे रकाने भरलेले. डेमोला चक्क टाळ्या पडल्या!

आता ४०१० म्हणजे रबरी ट्रान्समिशन बेल्ट. इंजिनाचा फॅन बेल्ट तिथे अगदी बरोबर बसतो. पण त्या यादीत सीट बेल्टही होते... आणि सीट बेल्टचा कोड आहे ८७०८.२१.

व्हायचं तेच झालं. काही महिन्यांनी कस्टम्सकडून विचारणा आली. त्या कंपनीत इम्पोर्टचं काम बघणारे एक काका आहेत, निवृत्तीला आलेले. साहेबांसमोर तेच गेले. प्रश्न साधा होता: हा कोड कशाच्या आधारावर टाकलात? काकांकडे एकच उत्तर होतं, "सिस्टिममध्ये तसंच होतं." फरकाची ड्युटी व्याजासकट भरावी लागली. नंतर फोनवर ते मला एवढंच म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवर टाकलंस ते ठीक आहे, पण तिथे उभं मला राहावं लागतं ना." ओरडले असते तर परवडलं असतं.

त्यानंतर मी हा विषय जरा नीट वाचला. मंडळी, आपण समजतो तसा हा पिनकोड नाही!

ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. भारतात एकूण आठ आकडे. आता तुमची गाडी डोळ्यासमोर आणा. बंपर, गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सर, एअरबॅग हे सगळे ८७०८ मध्ये, म्हणजे 'मोटारीचे भाग' म्हणून. पण सीट ९४०१, फर्निचरच्या चॅप्टरमध्ये. बॅटरी ८५०७. मागचं बघायचा आरसा ७००९. हेडलाइट ८५१२. पिस्टन ८४०९. वायरिंग हार्नेस ८५४४. गाडी एक, पण कागदावर पार विखुरलेली.

हे कोणाच्या मनाला आलं म्हणून झालेलं नाही. सतराव्या सेक्शनच्या सुरुवातीला नोट्स आहेत. दुसरी नोट सांगते की कोणत्या वस्तू गाडीला लागत असल्या तरी 'गाडीचा भाग' धरायच्या नाहीत: नटबोल्ट, स्प्रिंगसारख्या सगळीकडे लागणाऱ्या वस्तू, विजेची उपकरणं, इंजिन आणि त्याचे भाग, वगैरे. तिसरी नोट म्हणते, भाग केवळ किंवा मुख्यतः त्याच वाहनासाठी योग्य हवा. म्हणजे नुसतं नाव बघून भागत नाही. वस्तू कशाची आहे, काय काम करते आणि कुठे लागते, हे तिन्ही बघावं लागतं.

आणि हे बघूनही मोठमोठ्या लोकांचं एकमत होत नाही. रेल्वे सिग्नलच्या रिलेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रिले हे विजेचं उपकरण म्हणून ८५३६, की रेल्वे सिग्नलचा भाग म्हणून ८६०८? मार्च २०२१ मध्ये वेस्टिंगहाउस सॅक्सबी फार्मर खटल्यात निकाल ८६०८ च्या बाजूने लागला. रेल्वे आणि मोटारी एकाच सेक्शनमध्ये, त्यामुळे त्याचे पडसाद थेट मोटारीच्या भागांपर्यंत पोचले. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये अप्रत्यक्ष कर मंडळाला आपल्याच अधिकाऱ्यांना सूचना काढावी लागली, की हा निकाल सरसकट लावू नका, नोट्स आणि आधीचे निकालही बघा. जिथे न्यायाधीश इतका विचार करतात, तिथे मी 'नावात बेल्ट आहे का' एवढं तपासून मोकळा झालो होतो!

माझं म्हणणं एवढंच आहे. टॅरिफ कोड हा डेटा नाही, तो निर्णय आहे, आणि निर्णयाबरोबर त्याचं कारण साठवायला हवं. भारतात २०११ पासून सेल्फ-असेसमेंट आहे, म्हणजे योग्य कोड लावण्याची पहिली जबाबदारी आयातदाराची. मग आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कोडसाठी आठ आकड्यांचा रकाना, आणि 'का' यासाठी काहीच नाही, हे कसं चालेल? कोणती नोट लावली, कोणी ठरवलं, कधी ठरवलं, टॅरिफची कोणती आवृत्ती होती, हे सगळं हवं. आवृत्ती यासाठी की कोडही बदलतात. २०२२ च्या आवृत्तीत गाडीच्या काही काचांना ८७०८.२२ हा नवाच कोड मिळाला.

यावर आमच्या टीममधला एक मित्र म्हणाला, "लोक त्या रकान्यात एक टिंब टाकतील आणि पुढे जातील." खरं आहे. मीही टाकलं असतं. म्हणून कारण प्रत्येक ओळीला नको, भागांच्या गटाला असावं. सगळे सीट बेल्ट मिळून एकच कारण. दुसरा म्हणाला, "आता एआय सांगेल कोड." सांगू दे की. सुचवायला काहीच हरकत नाही. पण कस्टम्ससमोर 'एआयने सांगितलं' हे 'सिस्टिममध्ये होतं' याचंच नवं रूप आहे.

तिसरा म्हणाला की २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे, कोड काहीही असो, मग कशाला एवढा विचार? जीएसटीपुरता हा निर्णय मला फार आवडला. पण बंदरावरची बेसिक ड्युटी अजून कोडवरच ठरते. न्हावा शेवाला कंटेनर लागला की वाद तिथेच उभा.

असो. तो रकाना मी शेवटी बनवला, सक्तीचा केला, आणि पहिली नोंद काकांनाच करायला लावली. त्यांनी लिहिलं: "सीट बेल्ट. माणसाला धरून ठेवतो, पंखा फिरवत नाही. ८७०८.२१ मध्ये नावानेच दिलाय." खाली तारीख आणि स्वतःचं नाव.

मी त्याखाली 'तपासलं' म्हणून माझं नाव टाकलं.