बोर्ड न पाहता प्रोसेसर घेऊ नका

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून, ज्यांचे दुकानाचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे नि लग्नपत्रिकांची छपाई जुन्या कॉम्प्युटरवर चालते, अशा आपल्या व्यापारी-कारागीर बांधवांना एकच सल्ला मिळतो : प्रोसेसर बदला, विंडोज 11 चढवा. हा सल्ला अर्धवट आहे, आणि अर्धवट सल्ल्याचे पैसे गिऱ्हाईकच भरतो.

आमच्या परिचयाचे धुळ्याचे एक छपाईवाले पारोळा-एरंडोल मार्गे जळगावला आले. सहाव्या पिढीचा आय-थ्री दुकानदाराला दिला, वर रोख मोजली व आठव्या पिढीचा वापरलेला आय-फाइव्ह घेऊन गेले. प्रोसेसर सॉकेटात चपखल बसला. पंखा फिरला, पण पडदा काळाच. फोनवर दुकानदार म्हणाला, "चाचा, माल खरा आहे, तुमचा बोर्डच खराब असेल."

बोर्ड खराब नव्हता, मालही खोटा नव्हता. इंटेलच्या सहाव्या, सातव्या, आठव्या व नवव्या पिढीला 1151 पिनांचेच सॉकेट आहे. परंतु 2017 साली आठवी पिढी आणताना कंपनीने काही पिनांचे काम बदलले व तिच्यासाठी 300 मालिकेचे बोर्ड काढले. एच-110 किंवा बी-250 जातीच्या बोर्डावर ती चालत नाही. लेथवर काम करणाऱ्यास ठाऊक आहे की आटे जुळले नाहीत तर बोल्ट अडतो, निदान कळते तरी. इथे सारे बिनबोभाट बसते आणि सुरू मात्र होत नाही. विंडोज 11 च्या यादीत इंटेलची साधारणपणे आठवी पिढी व पुढचेच प्रोसेसर आहेत. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर नुसता प्रोसेसर बदलणे हा मार्गच बंद आहे. बोर्डही बदलावा लागतो.

एएमडीच्या एएम-4 सॉकेटची गोष्ट बरी आहे. 2017 सालच्या अनेक बोर्डांवर 2020 सालचे रायझन 5000 मालिकेचे प्रोसेसर चालतात, पण आधी नवा बायोस भरावा लागतो. आणि तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच भरावा. जुना आधी बदलीत देऊन टाकला, तर साध्या बोर्डावर बायोस भरणार कशाने? हे काम यूपीएसवरच करावे. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. दुसरी गोष्ट, रायझन 5600 सारख्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र देणारा भागच नाही. वेगळे ग्राफिक कार्ड नसेल तर नावापुढे 'जी' असलेला घ्यावा. इंटेलमध्ये उलट आहे, तिथे 'एफ' अक्षराचा टाळावा.

आमचे मत असे की प्रोसेसरचा भाव विचारण्याआधी आपल्या बोर्डाचे नाव कागदावर लिहून न्यावे. ते बोर्डावर छापलेले असते. विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्येही 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या ओळीत बहुधा सापडते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, कोणता बायोस लागेल तेही तिथेच दिलेले असते. दुकानदाराला ती आपल्यासमोर उघडायला लावावी. मग दुकान गोलाणी मार्केटमधले असो वा धुळ्याच्या आग्रा रोडवरचे, "अमुक बोर्डावर चालेल, न चालल्यास परत" एवढे बिलावर लिहून घ्यावे. जो लिहून देणार नाही त्याच्याकडून वापरलेला प्रोसेसर तरी घेऊ नये. जुना माल विकणारे सगळेच लबाड नसतात. पुष्कळांना ही यादी असते हेच माहीत नसते, पण त्याने आपला खर्च कमी होत नाही.

छपाईवाल्यांना शेवटी 300 मालिकेचा वापरलेला बोर्ड शोधावा लागला. डीडीआर-4 मेमरी होती, ती तशीच कामी आली. टीपीएम 2.0 ची सोय बायोसमध्ये बंद होती, ती चालू केल्यावर विंडोज 11 चढले. बदलीत दिलेला आय-थ्री मात्र तोवर विकला गेला होता.